नंबर नव्हे, नाव!

कॅनडातील एखाद्या संग्रहालयात काचेच्या कपाटात एक छोटे अस्वल उभे असते. हिरवट-काळ्या दगडात कोरलेले. एक पाय उचललेला, मान वर केलेली, जणू आता बर्फावर नाचू लागेल! पाहणारे वाहवा करतात आणि पुढे जातात. पण अशी जुनी मूर्ती हातात घेऊन उलटी केली, तर तिच्या तळाशी काय दिसते? काही मूर्तींवर कलावंताचे नाव नसतेच. असतो फक्त एक नंबर. इंग्रजी ‘ई’ हे अक्षर, त्यापुढे एक आकडा, मग आडवी रेघ आणि पुन्हा तीन-चार आकडे.

वाचकहो, हा मालाचा नंबर नव्हे. किमतीचाही नव्हे. तो माणसाचा नंबर आहे. ज्याने हे अस्वल घडवले त्या जित्याजागत्या माणसाला सरकारने दिलेला नंबर!

हा समाज कोणता? आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘एस्किमो’ हा शब्द वाचला. बर्फाचे घर, कुत्र्यांची गाडी, केसाळ कातड्याचा अंगरखा, एवढीच त्यांची ओळख आपल्याला करून दिली गेली. पण ‘एस्किमो’ हे त्यांनी स्वतःला दिलेले नाव नाही. ते बाहेरच्यांनी चिकटवलेले नाव आहे, आणि कॅनडात आज ते अपमानकारक मानले जाते. त्यांचे स्वतःचे नाव ‘इनुइट’. एकाला म्हणायचे ‘इनुक’, अनेकांना ‘इनुइट’. आणि त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत इनुइट या शब्दाचा अर्थ काय, ठाऊक आहे? माणसे! फक्त माणसे. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात त्यांची संख्या सुमारे ७० हजार आहे. ग्रीनलँड आणि अलास्का येथेही त्यांचे भाईबंद राहतात.

या माणसांत आडनावाची पद्धत नव्हती. मूल जन्मले की नुकत्याच वारलेल्या आप्ताचे किंवा शेजाऱ्याचे नाव त्याला द्यायचे. नाव मुलाचे की मुलीचे, असा भेदही नव्हता. नावाबरोबर त्या गेलेल्या माणसाचा अंशही बाळात येतो, अशी समजूत. म्हणून आजोबांचे नाव मिळालेल्या नातीला तिची आईच लाडाने ‘बाबा’ म्हणून हाक मारी. नाव म्हणजे नात्यांचे अख्खे जाळेच होते.

गोऱ्या अधिकाऱ्यांना हे समजले नाही. नावे उच्चारता येईनात, लिहिता येईनात. एकच नाव चार लोकांचे, आणि बाप-लेकाचे आडनाव एक नाही. मग नोंदवही भरायची कशी? त्यांनी सोपा उपाय काढला. १९४१ पासून प्रत्येक इनुइट माणसाला नाण्याएवढी एक गोल चकती देण्यात आली. तिच्यावर राजमुकुटाचे चिन्ह आणि नंबर. ती दोरीने गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. पूर्वेकडच्या लोकांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’. सरकारी मदत घ्यायची असो, दवाखान्यात जायचे असो की मुलाचा जन्म नोंदवायचा असो, आधी नंबर!

मी कारकून माणूस. मला नंबराचे वावडे नाही. फाईलीला नंबर लागतो, पावतीला लागतो, पगारपत्रकावरही लागतो. नंबर नावाच्या शेजारी असतो तोवर ठीक आहे. तो नावाच्या जागी येऊन बसला की माणूस पुसला जातो. नावाचे मोल काय असते, हे या पानाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

आता या समाजाच्या हातात छिन्नी आणि पेन्सिल कशी आली ते पाहू. कोरीवकाम त्यांना नवे नव्हते. वॉलरसच्या सुळ्यातून, हाडातून ते शेकडो वर्षे भाल्याची टोके, ताईत, मुलांची खेळणी घडवत होते. पण विकण्यासाठी मोठ्या प्रमाणात काम सुरू झाले ते पोटाच्या प्रश्नातून. पांढऱ्या कोल्ह्याचे कातडे व्यापाऱ्याला द्यायचे आणि बदल्यात पीठ, चहा, बंदुकीच्या गोळ्या घ्यायच्या, असा त्यांचा व्यवहार चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कातड्याचा भाव कोसळला. चुलीपर्यंत संकट आले.

त्याच सुमारास, १९४८ साली, जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण कॅनेडियन चित्रकार उत्तरेकडे गेला. तेथील छोट्या मूर्ती त्याने माँट्रियल शहरात आणून हस्तकला संस्थेला दाखवल्या. १९४९ च्या नोव्हेंबरात तेथे विक्रीसाठी प्रदर्शन भरले आणि तीन दिवसांत सारा माल खपला.

पुढे ह्यूस्टन बॅफिन बेटावरच्या केप डॉर्सेट या वस्तीत राहू लागला. १९५७ सालची हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. ओसुइटोक इपीली हा तेथील थोर मूर्तिकार सिगारेटची दोन पाकिटे निरखत होता. दोन्हींवर एकाच खलाशाचे हुबेहूब चित्र. तो म्हणाला, हेच चित्र पुन्हा पुन्हा काढणाऱ्याला किती कंटाळा येत असेल! ह्यूस्टनला छपाईची कल्पना समजावून सांगायची होती. त्याने ओसुइटोकनेच कोरलेला एक सुळा घेतला, त्याला शाई फासली, वर पातळ कागद दाबला आणि ठसा उचलून दाखवला. ओसुइटोक चटकन म्हणाला, हे आपल्याला जमेल. आणि जमलेच! सपाट दगडावर चित्र कोरायचे, शाई लावायची, वर जपानी पातळ कागद ठेवून हाताने घासायचे. एका चित्राच्या साधारण ५० प्रती काढायच्या आणि मग तो दगड घासून टाकायचा, म्हणजे चोरून आणखी प्रती काढायला नकोत.

१९५९ साली या वस्तीने आपली सहकारी संस्था स्थापन केली. नाव होते वेस्ट बॅफिन एस्किमो सहकारी संस्था. सभासद वस्तीतलेच आणि मालकही तेच. सहकारी संस्थेत काय चालते आणि काय बिघडते हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. पण ही संस्था आजही उभी आहे. ‘एस्किमो’ हा शब्द तिने आता नावातून वगळला आहे. ती कलावंताकडून चित्र रोखीने विकत घेते, छापते, दक्षिणेकडच्या शहरांत विकते, आणि वस्तीतले किराणा दुकानही चालवते. सुमारे १४०० वस्तीचे हे गाव आज जगाच्या कलेच्या नकाशावर आहे.

या गावातल्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांची गोष्ट आता सांगतो. आजी, आई आणि लेक.

आजीचे नाव पिट्सिओलाक आशूना. जन्म १९०४ च्या सुमारास, तंबू आणि बर्फाच्या घरात. पुष्कळ मुले झाली, थोडीच जगली. नवरा आजाराने गेला आणि ही बाई लेकरांसह उघड्यावर पडली. उपासमारही सोसली. आधी तिने कातड्याचे अंगरखे शिवून विकले. पन्नाशीत आल्यावर कळले की चित्रांचे पैसे मिळतात. मग तिने कागद-पेन्सिल हाती घेतली ती मरेपर्यंत सोडली नाही. १९८३ साली ती वारली तेव्हा मागे हजारो चित्रे होती. तळ हलवणारी कुटुंबे, मासे धरणाऱ्या बायका, पाठीवर मूल बांधलेली आई. १९७७ साली देशाचा मोठा सन्मान, ऑर्डर ऑफ कॅनडा, तिला मिळाला. ज्या जगण्याला अधिकारी मागासलेले म्हणत होते, ते जगणे एका विधवा बाईने कागदावर जपून ठेवले.

तिच्याच गावची दुसरी बाई, केनोजुआक आशेवाक. सरकारी चकतीवर तिचा नंबर ई ७-१०३५. क्षयरोग झाला म्हणून १९५२ साली तिला, मनाविरुद्ध, दूर क्वेबेक शहरातल्या इस्पितळात नेण्यात आले. नुकतीच बाळंत झालेली. बाळ शेजाऱ्यांना द्यावे लागले. ती तीन वर्षांहून अधिक काळ तेथे होती, आणि त्या काळात मागे तिची काही मुले दगावली. अशा किती तरी इनुइट रुग्णांना त्या काळी जहाजात घालून नेले गेले. पुष्कळ परत आले नाहीत, आणि आपले माणूस कोठे पुरले हेही घरच्यांना कळले नाही. त्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली, पण केव्हा? २०१९ साली!

केनोजुआक परतली आणि चित्रे काढू लागली. सीलच्या कातड्याच्या पिशवीवर ती जी नक्षी शिवत असे, त्यातूनच तिचे पहिले छापील चित्र आले. १९६० साली तिने मोठ्या पिसाऱ्याचे एक घुबड काढले. ‘मंत्रमुग्ध घुबड’ म्हणा हवे तर. १९७० साली ते टपाल तिकिटावर आले. २०१७ सालच्या दहा डॉलरच्या विशेष नोटेवरही तिचे दुसरे एक घुबड छापले गेले. जिला सरकारने नंबर दिला होता, तिचे चित्र सरकारने आपल्या नोटेवर घेतले.

हिशेबाच्या माणसाला येथे एक गोष्ट खटकते. ते १९६० चे घुबड पहिल्यांदा विकले गेले तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरही नव्हती. २०१८ साली त्याची एक प्रत लिलावात २ लाख १६ हजार डॉलरला गेली. केनोजुआक २०१३ सालीच वारली होती. आणि फेरविक्रीतला काही वाटा कलावंताला किंवा त्याच्या वारसांना द्यावा, अशी तरतूद तेव्हा कॅनडाच्या कायद्यात नव्हती. नफा मधल्या लोकांचा, कौतुक मात्र कलावंताचे!

आता नावाकडे परत येऊ. नंबराविरुद्ध इनुइट लोकांतून नाराजी वाढत गेली. १९६८ साली एब ओकपिक या इनुइट पुढाऱ्यावर आडनावे नोंदवण्याचे काम सोपवण्यात आले. १९७१ पर्यंत तो बर्फातून वस्ती-वस्तीला फिरला. घरोघर बसला आणि विचारले, तुम्हाला कोणते आडनाव हवे? कोणी बापाचे नाव घेतले, कोणी आजोबांचे. घोटाळेही झाले. सख्ख्या भावाभावांची आडनावे वेगळी झाली. जुन्या नामकरणाचे जाळे आडनावाच्या एका रकान्यात मावणारे नव्हतेच. तरी नंबर गेला आणि नाव आले. मात्र लिलावाच्या याद्यांत आजही कलावंताच्या नावापुढे तो जुना नंबर छापतात, कारण जुन्या मूर्तींची ओळख त्यावरूनच पटते.

पण वाचकहो, नाव मिळाले म्हणजे लढाई संपली असे नाही. नावाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो. आपण कसे दिसायचे हे कोण ठरवणार?

इनुइट कलेची मागणी वाढली तसे कारखान्यांनी तिचे नकली नमुने काढले. म्हणून १९५८ साली सरकारने अस्सल वस्तूला इग्लूच्या चित्राची चिठ्ठी बांधायला सुरुवात केली. चांगलीच गोष्ट. पण अस्सल काय आणि नक्कल काय हे ठरवणारी चिठ्ठी जवळजवळ ६० वर्षे सरकारच्या हाती होती. २०१७ साली ती इनुइट कला प्रतिष्ठानाकडे आली.

चिठ्ठीपेक्षा मोठा दाब होता तो गिऱ्हाइकाचा. शहरातल्या दिवाणखान्यात कोणते चित्र शोभते? अस्वल, घुबड, सील, शिकारी, जुन्या आत्म्यांच्या कथा. बर्फावरची मोटारगाडी नको, बंदूक नको, दुकानातला डबा तर नकोच. काही कलावंतांनी हे जुमानले नाही. पुडलो पुडलाट याने कस्तुरी-बैलाच्या शेजारी विमाने आणि हेलिकॉप्टरे काढली, कारण त्याच्या आकाशात ती उडत होती. १९९० साली कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्याच्या ३० वर्षांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. तरी गिऱ्हाइकाची मुख्य ओढ जुन्या जगाकडेच राहिली.

ते जुने जग प्रत्यक्षात कधीच मोडले होते. १९५० आणि ६० च्या दशकांत कुटुंबांना तळावरून उठवून वस्त्यांत आणण्यात आले. मुलांना निवासी शाळांत घातले गेले, तेथे मातृभाषा बोलली की शिक्षा होई. त्या शाळांबद्दल देशाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली. तुटलेल्या घरांत दारू शिरली, आणि दारूमागून मारहाण. पिट्सिओलाकची लेक नपाची पुटूगूक हिने हे दुखणे चित्रात आणायला सुरुवात केली. बायकांवर लादलेली लग्ने, उपासमार, मार. आईने जे फारसे काढले नव्हते ते लेकीने काढले.

आणि नपाचीची लेक ॲनी पुटूगूक हिने घराचा दरवाजाच उघडला. जन्म १९६९. रंगीत पेन्सिली आणि साधे पेन, एवढेच साहित्य. तिच्या चित्रांत काय असे? जमिनीवर बसून सीलचे मांस खाणारे कुटुंब, आणि त्याच खोलीत टीव्ही. दुकानातला मोठा फ्रीझर. भिंतीवर घड्याळ. बायकोला मारणारा नवरा. दारूच्या बाटल्या फोडणारी बाई. आपण जे पाहिले तेच आपण काढतो, असे ती सांगे. काहींनी नाके मुरडली. ही कसली इनुइट कला? इग्लू कोठे आहे? वाचकहो, इग्लू तिने पाहिलेच किती होते? ती पत्र्या-फळ्यांच्या सरकारी घरात वाढली. इनुइट बाई टीव्ही पाहते म्हणून ती इनुइट राहत नाही काय?

२००६ साली तिला कॅनडातील तरुण कलावंतांसाठीचा सोबी पुरस्कार मिळाला. रक्कम ५० हजार डॉलर. २००७ साली जर्मनीतल्या कासेल शहरी जगातल्या नामवंत कलावंतांबरोबर तिची चित्रे लागली. पण शहराने तिला सांभाळले नाही. राजधानी ओटावात व्यसनाने आणि बेघरपणाने तिला घेरले. रस्त्यात बसून ती सिगारेटच्या पैशांपुरती चित्रे विकू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिचा मृतदेह नदीत सापडला. वय ४७. त्या बातमीखाली ओटावा पोलीस दलातल्याच एका सार्जंटने तिच्या समाजाविषयी वंशद्वेषाचा मजकूर लिहिला. चौकशीत त्याने चूक कबूल केली. शिक्षा काय? तीन महिन्यांसाठी खालचे पद, आणि प्रशिक्षण!

येथेच सारे उघडे पडते. भिंतीवर ॲनीचे चित्र हवे, पण फुटपाथवर ॲनी नको. संस्कृतीवर प्रेम, आणि ती घडवणाऱ्या माणसाचा तिटकारा. अस्वल सुंदर आहे म्हणायला काही खर्च येत नाही. अस्वल कोरणाऱ्याला घर, औषध आणि मान द्यायचा म्हटले की खिसा आणि मन दोन्ही आखडतात.

पण गोष्ट येथे थांबत नाही. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा इनुइट बहुसंख्येचा प्रदेश अस्तित्वात आला. नुनावुत म्हणजे ‘आमची भूमी’. त्याच्या ध्वजावर इनुइट लोक वाटा दाखवण्यासाठी रचतात तो दगडांचा मानव आहे. इंग्रज सरदाराच्या नावाचे ‘केप डॉर्सेट’ गाव २०२० सालापासून अधिकृतपणे ‘किन्गाइट’ झाले. किन्गाइट म्हणजे डोंगर, तेथील लोक पूर्वीपासून म्हणत तेच नाव. २०२१ साली विनिपेग शहरात ‘कौमाजुक’ हे इनुइट कलेचे मोठे केंद्र उघडले. तेथे सुमारे १४ हजार कलाकृती आहेत. पहिल्या प्रदर्शनाची मांडणी चार इनुइट अभ्यासकांनी केली. आणि २०२२ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात शुविनाई आशूना हिचा खास गौरव झाला. ही पिट्सिओलाकची नात, ॲनीची मामेबहीण. एका विधवा आजीने पोटासाठी उचललेली पेन्सिल नातीने व्हेनिसपर्यंत नेली!

घरांची टंचाई, क्षयरोग, तरुणांच्या आत्महत्या हे त्यांचे प्रश्न संपलेले नाहीत. चित्राने पोट भरते, पण चित्राने घरे बांधली जात नाहीत. ते सरकारचे देणे आहे आणि ते मागत राहावे लागते. पण मागणाऱ्याला आधी नाव लागते. नंबर मागणी करू शकत नाही. आणि नावाबरोबर स्वतःचे खरे चित्र लागते. दुसऱ्याला आवडेल असे नव्हे. आजीने तंबू काढला, नातीने फ्रीझर काढला. दोन्ही खरेच, कारण दोघींनी आपापले घर काढले.

आपल्या मुलांना शाळेत ‘माझे घर’ असे चित्र काढायला सांगतात, तेव्हा ती काय काढतात पाहा. दोन डोंगर, मधून सूर्य, एक कौलारू झोपडी आणि नदी. राहतात चाळीत नाहीतर झोपडपट्टीत, आणि काढतात पुस्तकातले घर. या रविवारी मुलांना जवळ घेऊन बसा. म्हणा, बाळा, आपले घर काढ. नळाची रांग काढ, दोरीवरचे कपडे काढ, रात्रपाळीहून आलेले बाबा काढ, शिलाई मशीनवर बसलेली आई काढ. आणि चित्र पुरे झाले की खालच्या कोपऱ्यात हजेरीनंबर लिहू देऊ नका. पूर्ण नाव लिहायला सांगा.